कंबरपट्ट्याची वाट

गोजराबाईला फसवणं सोपं नाही, असं लवळ्यात सगळे म्हणत, आणि ते कानावर आलं की गोजराबाईही काही नाकारत नसे. डोळे तिशीतच गेले होते. आधी रात्रीचे, मग दिवसाचेही. आता साठी ओलांडली होती. पण माणूस ओळखायला डोळे लागतात, हे तिला कधी पटलंच नाही. चपलेच्या आवाजावरून माणूस कोण ते कळतं, आणि बोलण्याच्या लांबीवरून तो खरा की खोटा तेही कळतं. खरं बोलणारा विचारलं तेवढंच देतो. खोटं बोलणारा पदरचं वर घालतो. "तुझी म्हैस दूध किती देते?" असं विचारावं आणि समोरच्यानं म्हशीचं सांगून वर तिच्या आईचंही सांगावं, की गोजराबाईनं मनातल्या मनात त्याच्या नावावर फुली मारलीच.

अशी सगळ्या गावाची पानं तिच्या डोक्यात लावलेली होती. कोण बोलून विसरतं, कोण देऊन बोलून दाखवतं, कोण आंधळी समोर आहे म्हणून नुसती मान हलवून फुकटचा होकार देतं. एका इंद्रजितचं पान तेवढं तिनं कधी काढलं नव्हतं. घरच्या माणसाचं पान काढायचं असतं, हेच तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

इंद्रजित तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, बापानं चिंचवडला दुसरा संसार मांडला, आणि पोरगं इथंच राहिलं. गोजराबाईला मूल नव्हतं, नवराही वारला होता. तिनं त्याला चाचपडत न्हाऊ घातलं, चाचपडतच भरवलं. तो तिला 'मोठ्याई' म्हणे. आता सत्तावीस वर्षांचा झाला होता, गिऱ्हाइकांना विकाऊ जागा दाखवण्याची कामं करी, पांढरी गाडी घेतली होती आणि लग्नाला उभा होता. उभा म्हणजे दोन वर्षं उभाच होता.

घर गावाबाहेर, चढावर. तिथून गावात जायची एक वाट होती. घरापासून उंबरापर्यंत सदतीस पावलं. उंबरापासून दादासाहेबांच्या भातखाचरांच्या बांधावरून दोनशे दहा. मग जांभळीपाशी डावं वळण, ओढ्यावरची फरशी, आणि देवळाच्या मागच्या भिंतीला हात लागला की चारशे बारा. तिची सासू याच वाटेनं गेली, सासूची सासूही. कागदावर ही वाट नव्हती, पायांना ठाऊक होती. कचेरीत तिला वहिवाट म्हणतात. दुसरा मार्ग डांबरी रस्त्याचा, डोंगराला वळसा घालून दीड किलोमीटर. त्यावर कॉलेजच्या बसगाड्या, डंपर, आणि मागं पोरगी बसवून सुसाट जाणारी पोरं.

रोज सकाळी गोजराबाई एका हातात काठी नि एका हातात दुधाची किटली घेऊन डेअरीवर जाई, दूध घाले, शेजारच्या साळूबाईच्या टपरीवर चहा पिई, गावाची खबरबात घेई आणि परत येई. उरलेला दिवस तिला कुणी ना कुणी लागे. सुईत दोरा ओवायला, गोळीचं पाकीट ओळखायला, पत्र वाचायला. पण चारशे बारा पावलं जायची नि चारशे बारा यायची, एवढ्यापुरती ती कुणाची मिंधी नव्हती.

गेल्याच्या आदल्या डिसेंबरच्या चार तारखेला, चंपाषष्ठीला तीन दिवस असताना, इंद्रजित डोंगरावरच्या कॉलेजातल्या एका मुलीला घेऊन आला. तिचं नाव धम्मदीपा. राहायला पिरंगुटात, शिक्षण मोठं, पायात साध्या चपला. गोजराबाईनं चपलांचे गुण दिले आणि तिला बसायला घोंगडी टाकली.

धम्मदीपानं एक पट्टा बनवला होता. चार बोटं रुंद, पुढं बक्कल, बकलात बारीक काचेचा डोळा. कमरेला बांधायचा. डावीकडं गुरगुरला की डावीकडं वळायचं, उजवीकडं गुरगुरला की उजवीकडं. दोन्हीकडून एकदम धडधडला, तर पुढं धोका आहे, जागीच थांबायचं. सोबत एक फोन. वाटा फोनच्या नकाशात, आणि पट्टा फोनचं ऐकणारा. शहरातल्या फुटपाथवर तो चालून झाला होता. आता बांध-चढावर कसा चालतो, ते वर्षभर बघायचं होतं.

"लग्नात सासऱ्यानं मला कंबरपट्टा कबूल केला व्हता," गोजराबाई पट्टा चाचपत म्हणाली. "चाळीस वर्सांनी पोचला म्हनायचा. सोन्याचा न्हाई, पर बोलतो तरी."

धम्मदीपा हसली. मग तिनं फॉर्म वाचून दाखवला, सगळा, न गाळता. काळजी घेणाऱ्या माणसाचं नाव, आणि त्याचं नातं.

"लिवा, मुलगा," इंद्रजित म्हणाला.

पेन कागदावर फिरल्याचा आवाज गोजराबाईनं ऐकला. रेशनकार्डावर तो पुतण्या होता, शाळेच्या दाखल्यावर पुतण्या होता. तिनं अंगठा उमटवला तेव्हा तो जरा जास्तच दाबला गेला.

"आणि मावशी, काठी सोडायची नाही हं," धम्मदीपा जाताना म्हणाली. "पट्टा काठीला मदत करतो. तिची जागा घेत नाही."

पहिले आठ दिवस पट्ट्याचेच हाल झाले. बांध लागला की तो घाबरे, फरशी आली की गोंधळून दोन्हीकडं गुरगुरे. गोजराबाई त्याला दटावत, समजावत त्याच वाटेनं घेऊन जाई. "आरं, ही जांभळ हाय. भिऊ नगंस. फुडं फरशी हाय, हालती, पर पडत न्हाई." साळूबाईला तिनं सांगितलं, की सुनेला घर दाखवावं तशी मी ह्याला वाट दाखवतीय.

नवव्या दिवशी उंबरापाशी पट्टा असा धडधडला, की किटलीतलं दूध हिंदकळलं. ती जागीच थांबली. मागं झाली, पुन्हा पुढं गेली. पुन्हा तेच.

"इंद्र्या, पट्टा अडवतोय रं."

"आडवनारच. खड्डा हाय तितं," इंद्रजित ओट्यावरून उतरत म्हणाला. "दादासाहेब पाइपलाइन घालत्यात. चांगला चार फूट खोल हाय. सहा इंची पाइप, काळा. जेशीबी बिघडलाय, त्याचा पार्ट भोसरीवरनं यायचाय, त्यो आनायला गेलेला मानूस बी आजारी पडलाय."

दुसऱ्या कुणी एवढं सांगितलं असतं, तर पाइप काळा म्हणेपर्यंत फुली पडली असती. गोजराबाईला मात्र वाटलं, पोर किती काळजीनं सांगतंय. तिनं मुकाट पाय वळवले. इंद्रजितनं फोनवर डांबरी रस्ता लावून दिला, आणि पट्टा तिला कडेकडेनं घेऊन गेला. बस आली की आधीच गुरगुरे, खांब आला की वळवी. दीड किलोमीटर ती एकटी चालून गेली. डेअरीवर लोक उठून उभे राहिले.

पुढं ते नेहमीचंच झालं. रोज सकाळी इंद्रजित स्वतः पट्टा बांधायचा, बक्कल लावून कमरेवर एक थाप मारायचा. काठी त्यानं खुंटीला टांगली. "एवढा भारी पट्टा आन् हातात बांबू? लोकं फोटो काढत्यात, मोठ्याई." फोटो निघाले खरे. जत्रेत शाल-नारळ देऊन सत्कार झाला. दादासाहेबांनीच शाल घातली, आणि किती मऊ होते त्या दिवशी त्यांचे हात! खड्डा बुजला का, असं तिनं दोनदा विचारलं. एकदा बुजायचा होता, एकदा दुसरा खणला होता. मग विचारायचं कारण उरलं नाही. उंबराकडं वळलं की पट्टाच सांगे.

"येवढा इस्वास बरा न्हवं, गोजरे," साळूबाई एकदा म्हणाली. "यंत्रच हाय."

"म्हनून तर इस्वास," गोजराबाई म्हणाली. "मानूस खोटं बोलतो त्याला कायतरी पायजेल असतं. पट्ट्याला ना पोरगी बघायचीय, ना जमीन इकायचीय. त्यो कशाला खोटं बोलंल?"

साळूबाईनं तिच्या हातात दुसरा चहा दिला.

भातं कापून झाली, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी साळूबाईनंच विचारलं, "वाटेला तारा मारल्या की गं तुझ्या. तू गप कशी?"

"खड्ड्याला मारल्या असतील. कुनी पडाया नगं."

"कसला खड्डा?"

"उंबरापशी. पाइपलाइनीचा."

साळूबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "गोजरे, मी परवापत्तूर त्या वाटेनं शेनाच्या पाट्या वाहिल्यात. खड्डा असता तर मी त्यात असते."

गोजराबाई घरी आली. इंद्रजित कामावर गेला होता. तिनं पट्टा सोडून कोनाड्यात ठेवला, खुंटीवरची काठी काढली. काठीवर कोळ्यानं जाळं धरलं होतं. मग ती मोजत निघाली. पस्तिसाव्या पावलाला कंबर आपोआप आखडली. धडधडायला कमरेला काही नव्हतं, तरी आखडली. ती तशीच पुढं झाली, काठी टेकवली. टणक. डावीकडं टणक, उजवीकडं टणक. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपली. एकदा खणलेली माती कितीही दाबली तरी शेतकरणीच्या हाताला लपत नाही. ही माती कुणी खणली नव्हती. पायाचा चिखल खरवडायचा तो चपटा दगडही होता तिथंच होता, मधोमध गुळगुळीत. उभी राहून दोन पावलं पुढं टाकली, आणि तळहाताला काटेरी तार लागली.

इंद्रजितला तिनं विचारलं तेव्हा तो जेवत होता.

"बुजवला आसंल की. रोलर आनला व्हता ना, पिवळा. दोन दीस हितंच व्हता. डायवर बिहारचा व्हता, तंबाकू मागायला यायचा."

पिवळा रोलर, आणि दीड हाताच्या पायवाटेवर. गोजराबाईच्या डोक्यात कुठंतरी एक पान फडफडलं. तिनं ते दाबून धरलं आणि त्याला आमटी वाढली. पट्टाच बिघडला असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. वस्तू बिघडते. त्यात कुणाचा दोष नसतो.

वाटेसाठी मात्र ती हटून बसली. दादासाहेब खाचरं विकत होते, घेणाऱ्याला मधून वाट नको होती, एवढं साळूबाईकडून कळलं होतं. तार पडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला तर कचेरी वाट खुली करून देते, हेही कळलं. इंद्रजित म्हणाला, कशाला कोर्टकचेऱ्या, मी गाडीनं सोडत जाईन तुला डेअरीवर. ती म्हणाली, अर्ज करायचा. मग तो जास्त बोलला नाही. जानेवारीत तारीख लागली, तेव्हा त्यानंच तिला गाडीत घालून पौडला नेलं आणि हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

कचेरीत साहेब मवाळ बोलत होते. दादासाहेबांकडून एक वकील होता. त्याचा आवाज गुळगुळीत होता.

"वाट शेवटची कधी वापरलीत, बाई?" साहेबांनी विचारलं.

"पट्टा येईस्तवर रोज वापरत व्हते. मंग पट्टा आडवायला लागला."

"साहेब, याच पट्ट्याची नोंद मी दाखल करतो," वकील म्हणाला. कागद उलगडल्याचा मोठा आवाज झाला. "कॉलेजचा शिक्का आहे. बाईंचं वर्षभराचं प्रत्येक पाऊल यात आहे. ही निळी रेघ बघा, सगळी डांबरी रस्त्यानं. वाटेवर एक ठिपकासुद्धा नाही. वाट त्यांनी स्वतःहून सोडलेली आहे. तार नंतर आली."

गोजराबाईला अंगावरून कुणी लुगडं ओढल्यासारखं झालं. वर्षभर ती जिथं जिथं गेली, ते सगळं या परक्या माणसाच्या हातात होतं, आणि ती स्वतः ते बघू शकत नव्हती. पण घाबरली की मोजायला लागायचं, ही तिची जुनी सवय.

"ती निळी रेघ कवापासनं हाय, साहेब?"

साहेबांनी वाचलं. "बारा डिसेंबरपासून."

"पट्टा चार तारखेला बांधला. चंपाषष्ठीला तीन दीस व्हते." तिनं बोटं दुमडली. "मधले आठ दीस कुटं गेले? त्या आठ दिसांत मी पट्ट्याला ही वाट शिकवीत व्हते. जाऊन-येऊन, रोज. डेअरीवाल्यास्नी इचारा."

वकिलानं कागद चाळला. "मला मिळालं ते असंच मिळालं," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज तितका गुळगुळीत नव्हता.

साहेबांनी लिहून घेतलं: कॉलेजनं पहिल्या दिवसापासूनची नोंद आणावी, सर्कल अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन पाहणी करावी. साळूबाई साक्षीला आली होती. ती कानाशी येऊन पुटपुटली, "मारलंस की गं वकिलाला."

गोजराबाईला घटकाभर बरं वाटलं. आणि त्याच घटकेत उरलेला हिशोब तिच्यासमोर येऊन बसला. मिळालं ते असंच मिळालं. कुणाकडून? पट्टा कधी बांधला ते दादासाहेबांना ठाऊक नव्हतं. पहिले आठ दिवस ती कुठून चालली, ते वकिलाला ठाऊक नव्हतं. कुठल्या तारखेपासून कापायचं हे ज्याला कळत होतं, असं माणूस एकच होतं. ते तिच्या मागच्या बाकावर बसलं होतं. त्याचे नवे बूट कुरकुरले, उठले आणि दाराबाहेर गेले.

साळूबाई एसटीनं गेली. गोजराबाई गाडीत बसली. जायचं तर दुसरं होतं काय? पौड मागं पडलं. घोटवडे फाट्याच्या गर्दीत गाडी थांबली, तेव्हा तिनं विचारलं, "खड्डा किती खोल व्हता रं?"

मागून कुणी हॉर्न वाजवला. गाडी हलली.

"न्हवता," इंद्रजित म्हणाला.

विचारलं तेवढंच. वर काही नाही. इतक्या महिन्यांत त्यानं तिला दिलेला पहिला खरा शब्द, आणि तो तिनं लगेच ओळखला.

"पट्ट्याला कुनी शिकीवलं?"

"फोनात वाटंवर खून टाकता येती. इथं धोका हाय म्हनून. दाबायची फक्त."

"आन् त्यो कागद?"

"धम्मदीपा म्याडमकडनं घेतला, बारा तारखेपासनंचाच. सरकारी योजनेला लागतोय म्हनलो." मग तो सुटलाच. "मोठ्याई, ऐक. वाट मोडली तर दादासाहेबाची जमीन एका तुकड्यात जाती. मला भूगावला फ्लॅट देनारेत, दोन खोल्यांचा. पोरगी बघायला गेलो की आदी इचारत्यात, गावात ऱ्हाता का? उठूनच जात्यात. तुझ्या त्या वाटेनं चालून कोन येनार हाय माझ्या घरात? आन् मी तुलाबी नेनार व्हतो. लिफ्ट हाय तितं. खाली बाग हाय, चालायला ट्रॅक हाय, लाल, चारी अंगानं कठडा हाय, सकाळी म्हाताऱ्या बायकांचा ग्रूप असतोय..."

गोजराबाई ऐकत होती. लिफ्ट, बाग, लाल ट्रॅक, कठडा, ग्रूप. तिनं मोजलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. फ्लॅट खरा होता. तिला नेणार होता, ते नव्हतं.

"मला म्हनला असतास," ती म्हणाली, "की मोठ्याई, तुझी वाट दे, माझं लगीन आडलंय. तर मी काय केलं असतं, ठावं हाय?"

"काय?"

दिली असती का, ते आता तिलाही कळणार नव्हतं. एकदा विचारून बघायची सोयच त्यानं ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं पट्टा घेऊन आला. तिनं कमरेवरचे त्याचे हात धरले आणि बाजूला केले. जोरानं नाही. त्याच्या लहानपणी ती त्याच्या ताटापासून मांजर बाजूला करायची, तसे.

पाहणीला सर्कल आल्या, आशालताबाई, खणखणीत आवाजाच्या. दादासाहेब आले, वकील आला, बघायला अर्धं गाव आलं. धम्मदीपा कॉम्प्युटर घेऊन आली. आधी ती गोजराबाईकडंच आली आणि तिचा हात धरून उभी राहिली.

"मावशी, त्यानं मागितलं आणि मी देऊन टाकलं. फॉर्मवर मुलगा लिहिलं होतं म्हणून. पाय तुमचे आणि कागद मी त्याला दिला. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"त्यानं लिवलं, आन् मी बी ऐकून खूश झाले," गोजराबाई म्हणाली. "चुकलीस तू, पोरी. पर एकटी न्हाईस."

नोंद उघडली. पहिल्या आठ दिवसांची रेघ उंबरावरून निघून बांधावरून, जांभळीवरून, फरशीवरून थेट देवळाच्या भिंतीला लागत होती; रोज दोन वेळा, एकावर एक. धम्मदीपानं ती सर्कलना दाखवली. मग उंबरापाशी बोट ठेवून म्हणाली, "आणि ही धोक्याची खूण. बारा डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मावशींच्याच फोनमधून."

"पण फोन यांना दिसत नाही," आशालताबाई म्हणाल्या. "मग खूण कोणी केली?"

दादासाहेब खाकरले. गर्दीत पाय घासल्याचे आवाज आले. नवे बूट कुठं आहेत, ते गोजराबाईला नेमकं कळत होतं: उंबराच्या पलीकडं, चपट्या दगडाजवळ. ते हलत नव्हते. तिनं नुसतं 'ठावं न्हाई' म्हटलं असतं, किंवा 'चुकून पडली आसंल, यंत्रच हाय', तरी पुरलं असतं. मग बाकीचं वकील बघून घेणार होता. वाट गेली असती आणि पोर राहिलं असतं. निदान गावासमोर राहिलं असतं. बूट त्याचीच वाट बघत होते. चार वर्षांचा असताना ताटातलं सांडलं की तो असाच गप्प उभा राही, ती कुणाला सांगणार नाही म्हणून.

"इंद्रजितनं केली," गोजराबाई म्हणाली. "त्यानं मला स्वता सांगितलं. गाडीत, पौडवरनं येताना."

आशालताबाई लिहीत होत्या. "पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं.

"तुमचं नातं?"

"लिवायलाच पायजे का ते?"

"जबाबात लागतं, बाई."

कुणीतरी लांब शिंकलं. दगडाजवळचे बूट एक पाऊल पुढं आले आणि थांबले.

"पुतन्या," गोजराबाई म्हणाली. "धाकल्या दिराचा. मुलगा न्हाई लिवायचं."

तिनं अंगठा उमटवला. या वेळी शाई कमी पडली आणि पुन्हा उमटवावा लागला.

फेब्रुवारीत वाट खुली करायचा हुकूम झाला, तार निघाली. इंद्रजित त्याआधीच भूगावला भाड्यानं राहायला गेला होता. फ्लॅटचं पुढं काही झालं नाही, असं साळूबाईनं सांगितलं. धम्मदीपा पट्टा परत न्यायला आली, तेव्हा म्हणाली, मावशी, मी आता बदल केलाय; खूण करायची तर ज्यानं पट्टा बांधलाय त्याच्याच आवाजात हो म्हणावं लागतं. तुम्ही पुन्हा बांधाल का? गोजराबाईनं पट्टा हातात घेतला, बकलातली काच पदरानं पुसली आणि परत दिला. "दुसऱ्या कुनाला बांध. बांधनारं मानूस आदी बघ."

आता ती रोज सकाळी काठी नि किटली घेऊन निघते. तेहतीस, चौतीस, पस्तीस. उंबराची सावली अंगावर आली की पाय आपोआप थांबतात. कमरेला काही नसतं, पुढं खड्डा नसतो, हे तिला पुरतं ठाऊक असतं. तरी ती उभी राहते, काठी पुढं करून जमीन ठोकते, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. टणक लागते. मग चपट्या दगडाला बगल देऊन ती बांधावर चढते, आणि पुढचं मोजायला सुरुवात करते.